मास्तरांची पकड

मास्तरांनी नव्या पिस्तुलाचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं ते आपटूनच.

"तू सांगितलंस म्हणून घेतलं," ते म्हणाले. "आता तूच बघ याचं काय करायचं ते."

खरेदीला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. आतल्या कागदाला अजून कारखान्यातल्या तेलाचा वास होता. पिस्तूल लहानसं, तळहातात मावणारं, काळं आणि देखणं. घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, हे खरं होतं.

बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वस्तू घट्ट पकडून धरायचा शेगडा, भिंग आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी. मागच्या खोलीत वाळूनं भरलेली एक लांबलचक लोखंडी पेटी. दुरुस्त केलेलं हत्यार गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या पेटीत गोळ्या झाडून पाहायचं. मास्तर म्हणजे पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रातले नेमबाजीचे शिक्षक. चौतीस वर्षं त्यांनी बँकांच्या, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या दारावर उभं राहणाऱ्या माणसांना बंदूक धरायला शिकवलं. निवृत्त झाले तरी केंद्रानं त्यांना सोडलं नव्हतं, आणि त्यांनी केंद्राला. आठवड्यातून दोन सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा विंचरून ते शिकवायला जात.

मीही त्यांचाच विद्यार्थी. नापास झालेला. एकोणीस वर्षांचा असताना पहारेकरी व्हायला म्हणून त्या केंद्रात गेलो होतो. माझी एक गोळी कागदाला लागेल तर शपथ. कधीकधी तर कागदामागचा मातीचा ढीगसुद्धा हुकायचा, आणि तो ढीग चांगला दोन पुरुष उंच होता. महिन्याभरानं मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ," ते म्हणाले, "तुझ्याच्यानं हे होणार नाही. उगाच वर्ष घालवू नकोस. पण परवा अडलेली रायफल तू केसाच्या पिनेनं मोकळी केलीस, ते मी पाहिलंय. चल माझ्याबरोबर." आणि मला त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात नेऊन बसवलं. पहिले सहा महिने त्या म्हाताऱ्यानं माझ्या हातात कानशीशिवाय काही दिलं नाही. तेव्हापासून मास्तर मला कानश्या म्हणायला लागले. आज माझे केस पिकलेत, दुकान माझ्या नावावर आहे, पण मास्तरांच्या लेखी मी कानश्याच.

मास्तरांनी ते खोकं आणलं त्या वर्षी केंद्रात जुनी अवजड पिस्तुलं जाऊन ही लहान आली होती. पोरांना जे शिकवायचं ते आधी स्वतःच्या हाताखालून गेलं पाहिजे, हा मास्तरांचा हट्ट. म्हणून त्यांनी मला विचारून स्वतःच्या परवान्यावर एक घेतलं. आणि ते अडत होतं.

"पहिली गोळी सुटते," मास्तर सांगू लागले. "दुसरी सुटते. मग रिकामी पुंगळी बाहेर पडायची ती पिस्तुलाच्या खिडकीतच अडकून उभी राहते. अगदी बाहेर डोकावून बघितल्यासारखी. झालं, काम बंद. काल बारा पोरांसमोर तीन वेळा झालं. एक जण हसला."

"मास्तर, काडतुसं कुठली वापरलीत?"

"जी तू दिलीस ती."

"तेल जास्त झालं असेल का..."

"कानश्या, मला शिकवतोस?"

मी पिस्तूल खोललं.

सगळे भाग कापडावर मांडले. नळी स्वच्छ. स्प्रिंग ठीक. मॅगझिनमधून काडतूस सुरळीत वर येत होतं. मग तो बारीक आकडा भिंगाखाली धरला. गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, झटक्यानं मागे जाते, तेव्हा हा आकडा रिकाम्या पुंगळीची कड पकडून तिला ओढून बाहेर काढतो. भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं त्याचं टोक. ते टोक कारखान्यात घासायचंच राहून गेलं होतं. एका बाजूला धातूची टोकदार कूस तशीच होती, आणि त्यामुळे पकड अर्धीच बसत होती.

"सापडलं," मी म्हणालो.

मास्तर भिंगावर वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ होऊन त्यांनी असा श्वास सोडला, जसा काही कुणी त्यांच्या छातीवरून दगड उचलला. "बघ," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं. माल खराब आहे."

कंपनीला मी त्यांच्यासमोरच फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "साहेब, आकडा पाठवून देतो. पण एक सांगू का? या लहान पिस्तुलांत पुष्कळदा बिघाड नसतोच. धरणाऱ्याचं मनगट सैल पडतं. मागचा आधार घट्ट नसला की स्लाइडला पुरता झटका मिळत नाही, मग पुंगळी अडते. नवशिक्यांचं होतं असं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे हत्यार कुणाच्या हातात आहे ठाऊक आहे का तुम्हाला? तुमच्या कारखान्याच्या फाटकावर जो पहारेकरी उभा असेल ना, त्याला विचारा जाऊन, कुणी शिकवलं म्हणून."

फोन ठेवला तेव्हा मास्तर मिशीतल्या मिशीत हसत होते. त्या दिवशी आम्ही दोन-दोन कप चहा प्यालो. त्यांचा कप टेबलावर दोनदा हिंदकळला, पण टेबल माझंच लंगडं होतं, तेव्हा मनात काही आलं नाही.

नऊ दिवसांनी आकडा आला. बसवला, आणि मागच्या खोलीत वाळूच्या पेटीत पन्नास गोळ्या झाडल्या. एकही पुंगळी अडली नाही. मास्तरांना निरोप पाठवला. ते आले, खुशीत होते. मी म्हणालो, "एकदा तुमच्या हातानं बघून घ्या."

त्यांनी पिस्तूल घेतलं. पाय रोवले, खांदे सैल सोडले. त्यांचं ते उभं राहणं मी तीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि अजूनही तसंच होतं, भिंतीवर लावायच्या चित्रासारखं. पहिली गोळी. दुसरी. तिसरी. चौथ्या गोळीला पुंगळी खिडकीत उभी राहिली.

मास्तर पिस्तुलाकडे पाहत होते. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

गोळी सुटताना त्यांचं मनगट खाली गेलं होतं. थोडंसंच, पण नीट दिसेल इतकं. आणि उजव्या अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधला जो गुबगुबीत उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. कातडी खालून कुणीतरी मांस काढून घेतल्यासारखी आत बसली होती. दंडाखाली कातडीच्या आत काहीतरी बारीक थरथरत होतं, त्यांना न विचारता. मी हत्यारांचा कारागीर आहे, डॉक्टर नाही. पण आयुष्यभर हात बघत आलोय. झीज कळते मला.

"काय रे?" मास्तर म्हणाले. "अजून बिघाड आहे?"

आता त्या क्षणाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. खरं बोलायला फार तर चार शब्द लागले असते. त्यांनी मला एकोणीस वर्षांचा असताना तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यातच माझं भलं झालं होतं. पण माझ्या घशातून आवाज फुटला तो वेगळाच.

"मॅगझिनच्या तोंडाचे ओठ वाकलेत बहुतेक," मी म्हणालो. "ठेवून जा. बघतो."

मॅगझिनला काहीही झालं नव्हतं.

यानंतरचे पाच आठवडे मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. मास्तर यायचे, मी काहीतरी सांगायचो. स्प्रिंग बदलली. खिडकीची कड घासली. नसलेला दोष शोधून तो काढल्याचं दाखवायचं, हे तर दोष काढण्यापेक्षा अवघड काम. मास्तर दर वेळी उत्साहानं पिस्तूल घेऊन जायचे आणि दोन दिवसांनी चेहरा पाडून परत यायचे. शेवटी त्यांनी स्वतः कंपनीला तक्रार लिहायची ठरवली. "तू लिही, मी सांगतो," म्हणाले. "माझं अक्षर हल्ली बिघडलंय, पेन नीट चालत नाही." मी लिहिलं. सव्वा पानाचं झणझणीत पत्र. खाली सही करताना पेन त्यांच्या बोटांतून घरंगळलं. त्यांनी पेनाला एक शिवी हासडली, मी खाली वाकून ते उचलून दिलं, आणि त्यांनी सही पुरी केली.

कंपनीनं पिस्तूलच बदलून दिलं. नवं कोरं, दुसऱ्या खोक्यात. मी ते तपासून दिलं. त्यात खरोखरच काही दोष नव्हता. देताना म्हणालो, "मास्तर, थोडे दिवस थांबा. केंद्रात लगेच नेऊ नका. हात बसू द्या."

"माझा हात बसायचा आहे अजून?" ते हसून म्हणाले, आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी त्यांची मुलगी दुकानात आली. एकुलती एक. टपाल कचेरीत काम करायची, आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघायची. तिला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होतो. ती आली ती उभीच राहिली.

"काका, तुम्हाला कळलं का?"

"काय?"

"काल बाबांच्या हातून गोळी सुटली. वर्गात."

मी तिला खुर्ची दिली. ती बसली आणि सांगू लागली. नवं पिस्तूलही अडलं होतं. अडलेली पुंगळी कशी काढायची ते मास्तर वर्गाला दाखवू लागले. स्लाइड मागे ओढायला त्यांना जोर पुरेना. दोनदा बोटं निसटली. तिसऱ्यांदा पुंगळी पडली, पण स्लाइड हातातून सुटली, पुढची गोळी नळीत गेली, आणि पिस्तूल सावरायला गेले तर बोट चापावर पडलं. गोळी फरशीत घुसली. फरशीची एक कपची उडून पुढच्या रांगेतल्या पोराच्या नडगीला लागली. चार टाके पडले.

"पोरगा बरा आहे," ती म्हणाली. "पण केंद्राच्या साहेबांनी तिथेच सगळ्यांसमोर बाबांच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नका. चौतीस वर्षांनी, काका. एखाद्या पोराच्या हातातून खेळणं काढून घ्यावं तसं."

"बाबा म्हणतात, पिस्तुलात बिघाड आहे. कानश्याला विचार, म्हणतात. त्यानं भिंगाखाली पाहिलंय. म्हणून विचारायला आले." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "खरंच बिघाड आहे का हो?"

"पहिल्यात होता," मी म्हणालो. "आकड्यात. तो मी काढला."

"आणि नंतर?"

मी नकारार्थी मान हलवली.

ती बोलली, पण तिचा आवाज अजिबात चढला नाही. "घरातलं दाराचं कुलूप आम्ही दोनदा बदललं. किल्ली फिरत नाही म्हणून. नळाचे वायसर बदलले. बाबांनी तीन शर्ट परत केले, बटणांची काजं लहान शिवलीत म्हणून. आता बंदाचे बूट घालत नाहीत, म्हणतात बंद निकृष्ट येतात हल्ली. माझ्या घरात एकही वस्तू धड उरलेली नाही, काका. आणि मला सगळं दिसतंय. पण मी काही बोलले की ते म्हणतात, तुला यंत्रातलं काय कळतं." ती थांबली. "तुमचं ऐकतील. म्हणून ते तुमच्याकडे येतात. मला वाटतं, तुम्ही सांगावं म्हणूनच येतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या काळजात रुतलं ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांना बोलावून घेतलं. केंद्रानं पिस्तूल मुलीकडे परत दिलं होतं, ते ती आदल्या दिवशी माझ्याकडेच ठेवून गेली होती. मास्तर आले. कपडे नेहमीसारखे नीटनेटके, पण शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं.

"मास्तर, झाडा."

दुसऱ्याच गोळीला पुंगळी अडली. मी ती काढली, पिस्तूल पुन्हा भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. या वेळी मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि माझे दोन्ही हात त्यांच्या हातांभोवती आवळून धरले. त्यांची बोटं गार होती. इतकी हलकी, की आत पाखरू धरल्यासारखं वाटलं.

"आता झाडा."

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात गोळ्या गेल्या. सातही पुंगळ्या टणटण करत फरशीवर पडल्या. मॅगझिन रिकामं झालं.

मी हात सोडले. मास्तर पाठमोरेच उभे होते. खोलीत धूर होता आणि आवाजासाठी कानांवर लावलेली झाकणं आम्ही दोघांनीही काढली नव्हती. मग त्यांनी पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं. त्यातही घाई नाही, नळी भिंतीकडे करून, जसं पोरांना शिकवायचे तसं. झाकणं काढली. उजवा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिला, जणू कुणी तपासायला आणून दिलाय.

"चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो," ते म्हणाले. "नेम चुकला की आधी हात बघा, मग हत्यार." आणि मग, "कधी कळलं तुला?"

"मास्तर..."

"सरळ विचारतोय."

"नवा आकडा बसवल्यावर तुम्ही पहिल्यांदा झाडलंत तेव्हा."

त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले. मला ते दिसत होतं. "म्हणजे पाच-सहा आठवडे. म्हणजे ते पत्र लिहिलं तेव्हा तुला ठाऊक होतं. नवं पिस्तूल घेऊन मी वर्गात गेलो तेव्हाही ठाऊक होतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटेल म्हणून!" ते वळले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. "अरे, मी तुला तोंडावर सांगितलं होतं ना? एकोणीस वर्षांचा होतास, रडलास, पण सांगितलं होतं. माझा हात गेला तर गेला, मी माझ्या पायांनी केंद्रातून बाहेर पडलो असतो. पोरांना दोन शब्द बोललो असतो. तू मला तेवढंही मिळू दिलं नाहीस. ती कपची जरा वर उडाली असती म्हणजे? त्या पोराच्या डोळ्यात गेली असती म्हणजे?"

मी खाली वाकून पुंगळ्या वेचू लागलो.

"मी मूर्ख होतो म्हणून कुलपं बदलत बसलो," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "भीती वाटत होती मला. तुला कसली भीती वाटत होती?"

ते निघून गेले. पिस्तूल तिथेच राहिलं. जाताना दाराची कडी त्यांच्यानं सरकेना. मी पुढे झालो तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं, आणि कोपरानं ढकलत ढकलत ती उघडली. त्याला किती वेळ लागला ते मला सांगवत नाही.

मुलगी त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. नसांचा आजार निघाला. हातांपासून सुरू होतो, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख राहतं. उपाय नाही. तिनंच मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? तिनं डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता. सहा आठवड्यांनी काही फरक पडला नसता, असं ते म्हणाले होते. तिला वाटलं, ऐकून माझा जीव भांड्यात पडेल. पण ते सहा आठवडे आजाराचे नव्हतेच मुळी, ते मास्तरांचे होते.

सात महिने मास्तर मला भेटले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा मुलीनं दारातच सांगितलं, "बाबा झोपलेत." दुसऱ्या वेळी आतून त्यांचा खोकला ऐकू आला. तिनं मान खाली घातली. मी म्हणालो, "असू दे," आणि परत आलो. केंद्रातही एकदा जाऊन आलो. साहेबांना म्हणालो, चूक माझी होती, मला माहीत असून मी हत्यार त्यांच्या हातात दिलं. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "मला कुठे ठाऊक होतं हो, ते आजारी आहेत म्हणून." तिथे भिंतीवर मास्तरांचा जुना फोटो होता, तो निदान कुणी काढला नव्हता. साहेबांनी सगळ्या शिक्षकांच्या सहीचं एक पत्र मास्तरांना पाठवलं. मास्तरांनी ते वाचून मुलीला म्हटलं, "व्याकरण कच्चं आहे." पण पत्र टाकून दिलं नाही.

मग तिचाच फोन आला. परवाना रद्द करून पिस्तूल सरकारजमा करायचं होतं, आणि ते माझ्या तिजोरीत होतं. "बाबा म्हणाले, कानश्याला घेऊन यायला सांग," ती म्हणाली. "त्यालाच सांग, असं म्हणाले."

परवाना कचेरीच्या पायऱ्यांजवळ रिक्षा थांबली. मास्तर आत बसले होते. अंगानं निम्मे झालेले. हात मांडीवर नुसते ठेवलेले, कुणाचे तरी विसरून राहिल्यासारखे. मिशा मात्र वाढून ओठांवर आल्या होत्या, आणि ते बघून मला सगळ्यात जास्त तुटलं. मी आणि मुलीनं त्यांना दोन बाजूंनी धरून वर नेलं. पायऱ्या अकरा होत्या.

कारकुनानं कागद पुढे सरकवला. "इथे सही."

"सही येत नाही," मास्तर म्हणाले. बोलणं जड झालं होतं, जीभ सुजल्यासारखं.

"शिकलेले नाहीत का? मग अंगठा."

मुलगी काहीतरी बोलणार होती. मास्तरांनी तिला नजरेनं अडवलं. कारकुनानं शाईचं पॅड काढलं, पण मास्तरांचा हात टेबलापर्यंत उचलेना. ते माझ्याकडे वळले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"धर," ते म्हणाले.

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. अंगठा शाईवर टेकवला आणि मग कागदावर. ठसा पुसट उमटला, म्हणून कारकून म्हणाला, पुन्हा. पुन्हा केलं. मी माझ्या रुमालानं शाई पुसली. मग पिस्तूल टेबलावर ठेवलं, क्रमांक वाचून दाखवला, आणि शिपाई ते आत घेऊन गेला. त्याच्या हातात ते उलटं होतं, नळी माणसांकडे. मास्तर ओरडायला गेले, पण आवाज निघेना.

"नळी खाली धरा!" मी ओरडलो. कचेरीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

रिक्षात बसवताना मी त्यांना म्हणालो, "मास्तर, चुकलं माझं."

त्यांनी बराच वेळ घेतला. बोलायला त्यांना आता वेळच लागायचा. "चुकलंच," ते म्हणाले. एवढंच. बरं झालं असं नाही म्हणाले, विसरून जा असंही नाही.

"मिशा वाढल्यात," मी म्हणालो.

"पोरीला जमत नाही," ते म्हणाले. "एक बाजू वर, एक खाली करते. जोकर करते माझा."

"मी येऊ?"

ते समोर बघत राहिले. रिक्षावाला वाट बघत होता. "रविवारी ये," ते म्हणाले.

पुढचं दीड वर्ष मी दर रविवारी सकाळी गेलो. गरम पाणी, साबण, वस्तरा, बारीक कातरी. आधी दाढी, मग मिशा, मग हातापायांची नखं. बंदुकीच्या बारीक स्क्रूंवर काम करून माझा हात स्थिर झालेला आहे, तो तिथे कामी आला. सुरुवातीला ते बोलत, केंद्रातल्या गोष्टी, कुणाचा नेम कसा होता, कोण पळून गेलं, कोण मोठा झाला. माझ्याबद्दलही सांगत, मुलीला हसवायला, मातीचा ढीग कसा हुकायचा ते. पुढे बोलणं अर्ध्यावर आलं, मग नुसते आवाज, मग तेही गेले. मग ते डोळ्यांनी बोलत. डोळे एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मिशांची दोन्ही टोकं सारखी झाली की मी आरसा धरायचो. दोनदा मिटले तर पुन्हा कातरी. या बाबतीत त्यांनी मला एकदाही सूट दिली नाही.

त्या सहा आठवड्यांचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. त्यांना बोलता येत होतं तेव्हा त्यांनी काढला नाही, आणि त्यांना बोलता येईनासं झालं तेव्हा काढणं मला बरोबर वाटेना. फक्त हो-नाही म्हणू शकणाऱ्या माणसाकडे माफी कशी मागायची?

ते गेले एका गुरुवारी सकाळी. मी दुकानात होतो. मुलीनं फोन केला, मी शटर अर्ध्यावर ओढून तसाच निघालो. ती बिछान्याशेजारी बसली होती, रडून झालेलं होतं. खोलीत श्वासाच्या यंत्राचा आवाज बंद झाला होता. दाढीची चार दिवसांची खुंटं वाढलेली होती.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "बाबांनी तुम्हाला माफ केलं होतं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "तुला काही म्हणाले होते?"

तिनं मान हलवली. नाही.

मग ती उठली आणि तिनं रविवारसारखं पाणी गरम करायला ठेवलं.